विश्लेषण : अधिक महिना, ओहोटी आणि कॉपीराइट… धरमतरच्या फोटोग्राफरच्या हातात काय उरते?

रायगड जिल्ह्यातील पेण, वडखळ, धरमतर, नागोठणे, रोहा या पट्ट्यात मे महिना म्हणजे मांडवांचा महिना. शाळांना सुट्टी, भाताची खाचरे कोरडी आणि मुंबई-ठाण्यात नोकरीला असलेली भावकी गावात. त्यामुळे याच महिन्यात या पट्ट्यातील फोटोग्राफरला झोपायलाही वेळ मिळत नाही. यंदा मात्र १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ महिना आला आहे. हंगाम ऐन भरात असताना महिनाभर मुहूर्त नाहीत. एका महिन्याच्या खाड्याने ज्याचे वर्ष डगमगते, त्या धंद्याचे गणित चालते तरी कसे? आणि रात्रंदिवस खपून काढलेले फोटो कायद्याने त्याचे असतात का?

यंदाचा अधिक महिना एवढा का बोचतो?

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी पडणारा हा सुमारे ११ दिवसांचा फरक साठत जातो आणि साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना अधिक धरून तो भरून काढला जातो. अधिक महिन्यात विवाहासारखी मंगलकार्ये करत नाहीत. फोटोग्राफरच्या दृष्टीने कळीचा प्रश्न एवढाच, की हा महिना वर्षात कुठे पडतो.

२०२० मध्ये अधिक आश्विन होता, २०२३ मध्ये अधिक श्रावण. हे दोन्ही चातुर्मासात पडले. तेव्हा लग्ने तशीही नसतात, त्यामुळे धंद्याला धक्का लागला नाही. अधिक ज्येष्ठाची गोष्ट वेगळी. तो याआधी २०१८ मध्ये आला होता. म्हणजे गेल्या सात-आठ वर्षांत ज्यांनी कॅमेरा हाती घेतला, त्यांनी असा मे महिना पाहिलेलाच नाही.

१६ जूनपासून निज ज्येष्ठ सुरू होतो, मग तेव्हा लग्ने होतीलच की, असे कोणी म्हणेल. होतील, पण कशी? मुंबईत मान्सून दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते आणि कोकणचा हा भाग त्या सुमारास भिजलेला असतो. मे महिन्यात ज्या खाचरात स्टेज, जेवणाचा मांडव आणि गाड्या लागतात, तिथे जूनअखेर चिखलणी सुरू असते. शाळाही उघडलेल्या. साहजिकच दारातले लग्न हॉलमध्ये जाते. हॉल मोजके, म्हणून एकाच तारखेला चार घरांची मागणी. चार लग्ने चार तारखांना असतील तर एक फोटोग्राफर चारही करू शकतो. एकाच दिवशी आली तर एकच त्याची, उरलेली तीन दुसऱ्याची. २५ जुलैला आषाढी एकादशी, की पुन्हा चातुर्मास.

बरे, कॅमेऱ्याचा हप्ता अधिक महिना पाळत नाही.

लग्नाचे काम नेमके किती तासांचे?

पत्रिकेवर मुहूर्ताची एक वेळ छापलेली असते. फोटोग्राफरचे काम त्याच्या दीड-दोन दिवस आधी सुरू होते. आगरी-कोळी वस्तीच्या या भागात हळदीचा थाट लग्नाइतकाच, कित्येकदा त्याहून मोठा असतो. मांडव घातला, देवक बसले, धवलारीण आली की पुढचा क्रम घड्याळावर चालत नाही. धवलारीण कोणता धवला म्हणते आहे त्यावरून पुढचा विधी ओळखायचा असतो. बाहेरून आलेला, महागडा कॅमेरा घेतलेला फोटोग्राफर इथे गोंधळतो. गावातला फोटोवाला धवल्याचे शब्द ऐकून आधीच चुलीजवळ जाऊन उभा राहतो. हे कौशल्य कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

रात्री बेंजो किंवा डीजे लागतो. तिथे अडचण तांत्रिक असते. जांभळ्या-निळ्या एलईडी दिव्यांखाली हळदीचा पिवळा रंग राखाडी दिसतो आणि चेहरे आजारी. फ्लॅश मारला तर रंग सुधारतो, पण मांडवातला माहोल मरतो. शिवाय डीजेचे लेझर. त्याचा थेट झोत भिंगातून आत गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळू शकतो. पडद्यावर एक रेघ किंवा ठिपका उमटतो आणि नंतरच्या प्रत्येक फोटोत तो दिसत राहतो. सेन्सर बदलणे म्हणजे जवळपास नवा कॅमेरा घेणे. तरीही नवरदेव नाचायला उतरला, की फोटोग्राफर त्या झोतांच्या मधोमध असतो.

हळद आटोपते मध्यरात्रीनंतर. सकाळी नवरीकडच्या घरी हजर व्हायचे. दोन्ही घरे धरमतर पुलाच्या दोन बाजूंना असतील आणि दिवस शनिवार-रविवारचा असेल, तर अलिबागला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांची वडखळ नाक्यावरची रांग हिशेबात धरावीच लागते. वऱ्हाड उशिरा पोहोचले तर मुहूर्त थोडा पुढे सरकतो. फोटोग्राफर उशिरा पोहोचला तर त्याचे नाव पंचक्रोशीत सरकते.

मग येतो तो क्षण. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. पूर्वी फोटोग्राफरच्या आणि जोडप्याच्या मध्ये भटजी असायचे, आता उंचावलेले पंधरावीस मोबाइल असतात. म्हणून दोन कॅमेरे लागतात, म्हणून मदतनीस लागतो, म्हणून स्टेजवर स्टूल लागते. यजमानांना मात्र वाटते, की हा माणूस उगाच मधे मधे करतो.

त्यानंतरचे दोन तास सर्वांत कंटाळवाणे आणि धंद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मामाकडचे, मावशीकडचे, भावकी, वाडीतले, ऑफिसातले, सगळे रांगेने स्टेजवर येतात. “दादा, आमचा एक काढा,” म्हणून प्रत्येक जण उभा राहतो. कॅन्डिड फोटोंचे कौतुक इन्स्टाग्रामवर होते, पण अल्बम घरी आल्यावर पहिल्यांदा शोधले जाते ते थोरल्या काकांचे तोंड. ते नसेल तर सूर्यास्ताच्या कितीही सुंदर फोटोने भरपाई होत नाही. करिझ्मा अल्बम हा खरे तर लग्नाचा हजेरीपट असतो आणि जुन्या फोटोग्राफरना हे नव्यांपेक्षा जास्त कळते.

जेवण? शेवटच्या पंगतीला, कॅमेऱ्याची बॅग मांडीला टेकवून.

घरी आणलेल्या डेटाचे काय होते?

रोलच्या जमान्यात एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. लग्नाला पाच-सहा रोल म्हणजे श्रीमंती. आज एका लग्नात ३ हजार क्लिक सहज होतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची धरली, तर नुसते फोटो ७५ ते ९० जीबी. व्हिडिओ फोरकेमध्ये १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चित्रित केला तर तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले तर ४५० जीबी. म्हणजे एक लग्न अर्ध्या टीबीहून जास्त. हंगामात अशी २० कामे केली, तर १० टीबी फक्त मूळ प्रत. सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत ठेवायची तर डिस्कचा खर्च दुप्पट.

क्लाउडवर का टाकत नाहीत, हा प्रश्न शहरातले नातेवाईक हमखास विचारतात. ५०० जीबी डेटा १० मेगाबिट प्रतिसेकंद अपलोड वेगाने चढवायला सलग साडेचार दिवसांहून जास्त वेळ लागतो, तोही वीज आणि नेट न जाता. तोवर पुढची दोन लग्ने झालेली असतात. म्हणून बहुतेकांचा भर डिस्कवर असतो, आणि डिस्क कधी ना कधी बिघडतेच.

कॅमेऱ्याचेही आयुष्य मोजलेले आहे. यांत्रिक शटर किती क्लिक टिकेल याचा कंपनीचा अंदाज साध्या कॅमेऱ्यासाठी १ लाखाच्या आसपास, मधल्या श्रेणीत दीड-दोन लाख, तर महागड्या कॅमेऱ्यांसाठी ४-५ लाख असतो. वर्षाला ४० लग्ने आणि प्रत्येकी ३ हजार क्लिक धरले तर १ लाख २० हजार होतात. म्हणजे साधा कॅमेरा हप्ते फिटण्याआधीच थकू शकतो. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरचा पर्याय असतो, पण एलईडीच्या उजेडात तो वापरला तर फोटोवर आडवे पट्टे उमटण्याचा धोका. पुन्हा गाडी त्या हळदीच्या मांडवात.

खाडीवरच्या प्री-वेडिंगसाठी तिथी का पाहावी लागते?

अंबा नदी समुद्राला मिळण्याआधी रुंद होते, ती धरमतरची खाडी. रस्ते आणि पूल होण्याआधी मुंबईहून येणारी लाँच इथे लागायची आणि प्रवासी पुढे मोटारीने कोकणात जायचे. आता या पाण्यातून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिजाचे बार्ज चालतात. काठाला खारफुटी, बांध, मागे डोंगर. संध्याकाळच्या उजेडात हे सगळे कॅमेऱ्याला आवडते. म्हणून अलिबागच्या किनाऱ्यावरची गर्दी टाळणारी जोडपी इकडे वळतात.

अडचण एकच. खाडीत पाणी असले तरच फोटो. ओहोटीला तिथे दिसतो तो काळा चिखल, आणि काठावर उतरलेल्या नवरीचा घागरा वाचत नाही.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचे एक जुने गणित आहे : तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. नवमीला पावणेसात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे प्रत्यक्षात दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या आसपास. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागे रोज तेवढीच उशिरा सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. हिशेब ढोबळ असला तरी मोबाइलच्या ॲपला फार मागे टाकत नाही. खाडीच्या आतल्या भागात पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, एवढे लक्षात ठेवायचे.

आता सूर्यास्त जोडून पाहा. मे महिन्यात इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये सहाला. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात भरलेली खाडी हवी असेल तर उन्हाळ्यात नवमी, हिवाळ्यात अष्टमी गाठायची. शुद्ध आणि वद्य पक्ष मिळून महिन्यातून दोनदा, मागेपुढे एक-दोन दिवस. तेवढ्यात लग्नाचे काम नको आणि जोडप्याला सुट्टी हवी.

आणखी एक गंमत आहे. अष्टमीची भरती भांगाची असते, पाणी फार चढत नाही. उधाणाची मोठी भरती अमावस्या-पौर्णिमेला, पण ती दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे तुडुंब भरलेली खाडी आणि मावळता सूर्य यांची गाठ धरमतरला पडतच नाही. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता समोर चंद्र उगवतो, जोडप्यांना हाच फोटो हवा असतो आणि नेमकी तेव्हाच ओहोटी असते. कुणा स्टुडिओच्या जाहिरातीत पौर्णिमेचा चंद्र आणि खाली तुडुंब खाडी एकत्र दिसली, तर चंद्र संगणकातून उगवला असे समजायला हरकत नाही.

जेट्टीच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा नेता येत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तिथे ट्रायपॉड लावून शूटिंग करायलाही परवानगी लागते.

ड्रोनचे काय?

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही ही सवलत आहे, पण फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी. लग्नाचे पैसे घेऊन उडवलेला ड्रोन व्यावसायिकच ठरतो, मग ‘मित्राच्या भावाचं लग्न होतं’ हे कारण चालत नाही. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी नको, मात्र क्षेत्र हरित आहे का हे सरकारी नकाशावर त्या दिवशी तपासावे लागते. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. पॅकेजमध्ये ड्रोन आहे ना, असे विचारणारे यजमान यातले काहीच विचारत नाहीत.

मग फोटो कोणाचा?

इथे बहुतेक फोटोग्राफर आणि बहुतेक ग्राहक दोघेही चुकतात. फोटोग्राफरला वाटते, मी काढला म्हणून माझा. ग्राहकाला वाटते, मी पैसे दिले म्हणून माझा. कॉपीराइट कायदा, १९५७ दोघांनाही थोडे थोडे देतो, पण मोठा वाटा ग्राहकाला.

कायद्याच्या दृष्टीने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. सर्वसाधारण नियमाने कर्ता हाच पहिला मालक. मात्र कलम १७ मध्ये अपवाद आहे. कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक ते सांगणारा असतो. लग्नाचे फोटो नेमके याच अपवादात बसतात. म्हणजे पेणच्या स्टुडिओने काढलेला नवरीचा फोटो स्टुडिओच्या काचेवर मोठा करून लावायचा असेल, इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल किंवा दागिन्यांच्या दुकानाला जाहिरातीसाठी द्यायचा असेल, तर परवानगी ग्राहकाची लागते. वर्षानुवर्षे स्टुडिओच्या काचेत कुणाकुणाची नवरी हसते आहे, ती बहुतेकदा न विचारताच.

आता तोच फोटोग्राफर, तोच कॅमेरा, तीच संध्याकाळ. जोडप्याचे शूट संपले, ते गाडीकडे गेले आणि फोटोग्राफरने मागे वळून पुलाखालून जाणाऱ्या बार्जचा एक फोटो काढला. त्याला कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. हा फोटो पूर्णपणे त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रांवरचा हक्कही लेखक-चित्रकारांप्रमाणेच आजीवन आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दहा मिनिटांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंपैकी ज्याचे पैसे मिळाले तो ग्राहकाचा, आणि ज्याचा एक रुपया मिळाला नाही तो नातवंडांपर्यंत पोहोचणारी मालमत्ता.

करार केला तर चित्र बदलते. बुकिंगच्या पावतीवर ‘कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, ग्राहकाला खासगी वापराचा अमर्याद हक्क राहील’ अशी ओळ असून दोन्ही बाजूंच्या सह्या असतील, तर अपवाद लागू होत नाही. पण या पट्ट्यात बुकिंग फोनवर होते, तारीख वहीत लिहिली जाते, आगाऊ रक्कम यूपीआयने येते. कागद नसतोच. आत्याच्या मुलाकडून सही कशी मागायची, ही अडचणही आहेच. निम्मी कामे ओळखीतली असतात आणि ओळखीत करार म्हणजे अविश्वास, अशी समजूत घट्ट आहे.

ग्राहकाची मालकी असली तरी एक गोष्ट फोटोग्राफरकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. कलम ५७ नुसार कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी कर्त्याकडे राहतो. प्रत्यक्षात मात्र पाहुण्याने फोटोवर फिल्टर मारून, स्टुडिओचे नाव कापून स्टेटसला ठेवला म्हणून कोणी कोर्टात जात नाही.

मोठ्या स्टुडिओसाठी रोजावर जाणाऱ्या जोडीदार फोटोग्राफरची स्थिती याहून नाजूक. तो मोबदला घेऊन स्टुडिओच्या सांगण्यावरून काढतो, त्यामुळे त्याचे फोटो आधी स्टुडिओकडे आणि तिथून ग्राहकाकडे जातात. आपल्याच कामाचा नमुना दाखवायचा झाला तर दोघांना विचारायचे.

चेहरा ओळखून पाहुण्याला त्याचे फोटो परस्पर पाठवणाऱ्या गॅलऱ्या आता लग्नांत आल्या आहेत. स्वागताच्या टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, सेल्फी द्यायचा आणि आपले फोटो मिळवायचे. सोय झकास आहे. पण चेहऱ्याची छायाचित्रे ही वैयक्तिक विदा असून त्याबाबतच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पाचशे पाहुण्यांचे चेहरे कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर गेले, हे आज ना यजमान विचारतो, ना फोटोग्राफर सांगतो.

फोटो हरवले किंवा पैसे अडकले तर?

पैसे देऊन घेतलेली फोटोग्राफी ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अर्थाने सेवा आहे. डिस्क बिघडून फोटो गेले, अल्बम दिलाच नाही, तर ग्राहक दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. रायगडचा आयोग अलिबागला आहे. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कही नाही. लग्नाचे फोटो हरवल्याच्या प्रकरणांत देशभरातील आयोगांनी भरपाईचे आदेश दिलेले आहेत. लग्न पुन्हा लावता येत नाही, हा युक्तिवाद आयोगांना पटतो आणि तो खराही आहे.

उलट बाजूला फोटोग्राफरकडे काय? ठरलेली रक्कम साधारण तीन टप्प्यांत मिळते : तारीख धरताना, हळदीच्या किंवा लग्नाच्या दिवशी, आणि अल्बम देताना. खरी अडचण तिसऱ्या टप्प्याची. अल्बमसाठी दीडशे-दोनशे फोटो निवडून द्यायचे काम घरच्यांचे. ते नव्या सुनेवर पडते, ती माहेरी जाते, मग गणपती येतात. निवड होत नाही तोवर अल्बम नाही आणि अल्बम नाही तोवर शेवटचा हप्ता नाही. हे पैसे कोणी बुडवत नाही, फक्त ते सहा-आठ महिने सरकतात. म्हणून आता काही जण फोटो निवडून देण्याची मुदत आधीच सांगू लागले आहेत, आणि मुदत संपली की स्वतःच निवड करून अल्बम छापायला पाठवतात.

कंपन्यांच्या कामाचे वेगळे. डोलवी, नागोठणे आणि रोह्याच्या औद्योगिक पट्ट्यात सुरक्षा सप्ताह, सामाजिक दायित्वाचे कार्यक्रम, पाहुण्यांच्या भेटी अशी कामे असतात. इथे पावती, जीएसटी, खरेदी आदेश सगळे लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी असेल तर फोटोग्राफीवर १८ टक्के कर. एक गोष्ट मात्र उपयोगाची. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. नोंदणी मोफत आहे, तरीही अनेक छोटे स्टुडिओ ती करत नाहीत.

चातुर्मासात हे लोक करतात काय?

एक काळ असा होता, की मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला, की पंचनाम्यासाठी पोलीस गावातल्या स्टुडिओवाल्याला रात्री उठवून नेत. फोटोसोबत निगेटिव्हही जपून ठेवावी लागे आणि पुढे साक्षीला कोर्टात उभे राहावे लागे. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे, पण ते शक्यतो मोबाइलवर करावे असे कायदाच सांगतो. काम वाढले आणि फोटोग्राफर वगळला गेला.

पासपोर्ट साइज फोटोचेही तसेच. पासपोर्ट आणि आधारसाठी मोठ्यांचा फोटो केंद्रावरच काढतात. स्टुडिओत आता विद्यार्थी येतात ते ऑनलाइन अर्जासाठी. बँक भरतीच्या अर्जाला २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबीचा फोटो लागतो, ‘नीट’ला पोस्टकार्ड साइजचाही. फोटो घरी मोबाइलवर निघतो, तो केबीत बसवता येत नाही. म्हणजे ग्राहक पैसे देतो ते फोटो लहान करण्याचे.

पावसाळ्यात या भागाला तारतो तो गणपती. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात आणि त्यांचे नमुने आता व्यापाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवले जातात. त्यासाठी फोटो लागतात. हे काम दिसते त्याहून किचकट असते. सोनेरी रंगाच्या मुकुटावर फ्लॅश चमकला, की तिथे नुसता पांढरा डाग येतो. पांढरी मूर्ती पांढऱ्या भिंतीपुढे हरवते. डोळ्यांची आखणी हा पेणच्या कारागिराचा खरा कस, आणि फोटोत नजर थेट ग्राहकाकडे आली नाही तर मूर्ती उत्तम असूनही मागणी येत नाही. त्यामुळे दिवा पातळ पांढऱ्या कापडाआडून, एका बाजूने आणि कॅमेरा मूर्तीच्या नजरेच्या उंचीवर. मोबाइलवाला उभ्याने काढतो, जाणकार गुडघ्यावर बसतो. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस उशिरा. अधिक महिन्याने मे महिन्यात जे हिरावले, त्याची थोडीशी परतफेड ऑगस्टमधल्या या वाढीव दिवसांत होऊ शकते.

त्यानंतर नवरात्र, आणि दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी. पोलिसांची सशस्त्र सलामी हे या पालखीचे वैशिष्ट्य. त्या सलामीच्या फोटोसाठी स्टुडिओवाले, वार्ताहर आणि मोबाइलवाले एकाच ओळीत उभे असतात.

मधल्या ओल्या महिन्यांत एक शत्रू सतत सोबत असतो, बुरशी. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे दीर्घकाळ राहिली, की भिंगांच्या आतल्या काचांवर ती धरते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखी एक बारीक रेघ, पुढे काचेवरचा लेप खाल्ला जातो आणि भिंग साफ करूनही पहिल्यासारखे होत नाही. ज्यांना परवडते ते आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारे विजेचे कपाट घेतात. बाकीचे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात भिंगे ठेवतात, पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर कोरड्या गरम करून पुन्हा वापरतात आणि दर चार दिवसांनी प्रत्येक भिंग उजेडाकडे धरून आत डोकावून पाहतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तुळशीची लग्ने लागेपर्यंत या डब्यांची झाकणे कमीच उघडतात.